हातावरचं मीठ

मूठभर मीठ मागितलं होतं, बाकी काही नाही. मार्चचा पहिला आठवडा, सकाळचे साडेदहा, राजस्थानातल्या सांभर या खाऱ्या सरोवराच्या पूर्वेकडच्या क्यारींमधला, म्हणजे मिठाच्या वाफ्यांमधला, एक बांध. ती लोखंडी घमेल्यात मीठ भरत होती. ओढणी तोंडाभोवती गुंडाळलेली, डोळे तेवढे उघडे, पायात रबरी बूट आणि एका बुटाच्या टाचेला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. माझ्या मोडक्या हिंदीत मी तिला सांगितलं की माझी आजीही हेच काम करायची, समुद्राकाठी. तिनं मान वर केली. "थारी दादी?" मी म्हटलं, हो, दादी, नमक. तिला हसू आलं असावं, कारण डोळ्यांच्या कडा बारीक झाल्या. तेवढ्या धिटाईवर मी उजवा तळवा पुढे केला आणि घरी न्यायला थोडं मीठ मागितलं. तिनं मूठ भरली, माझ्या तळव्याकडे पाहिलं, जराशी थबकली आणि वळून ती मूठ शेजारी पालथ्या पडलेल्या दुसऱ्या घमेल्याच्या बुडावर ओतली. "हाथ में कोनी दूँ," म्हणाली, "उठा लो." मी उचललं, रुमालात बांधलं. ती पुन्हा वाकून कामाला लागली होती.

फुलेरा जंक्शनला पोचेपर्यंत माझा हात मांडीवर उताणा पडून होता.

पहिल्यांदा डोक्यात आली ती जात. येणारच. आपल्याकडे हात मागे घेतला की आधी तेच आठवतं. आजी पेणच्या बाजारात डोक्यावरून मीठ आणि सुकी मासळी घेऊन जायची, तेव्हा एका वाड्यातली सोवळ्यातली म्हातारी तिला पाणी द्यायची, पण भांडं न देता, वरून, ओंजळीत. आई हे सांगताना आवाज चढवत नाही. उलट "पण पाणी द्यायची हां, रोज," असं त्या म्हातारीच्या बाजूनं पुरवणीही जोडते. मला मात्र ते ऐकताना दर वेळी कोपरावरून ओघळणारं पाणी दिसतं. मग सांभरच्या बांधावर नेमकं काय झालं? मी कोण, हे तिनं विचारलं नव्हतं. तीही कोण, मी विचारलं नव्हतं. की तिनंच आपला हात आखडला, समोरच्या शहरी बाईनं ऐनवेळी हात मागे घेतला तर, या सवयीच्या भीतीनं? हा विचार पहिल्यापेक्षा जास्त बोचला. आणि तिसरी शक्यता अशी की तिनं माझा तळवा पाहिला आणि तिला कळलं की या हातांनी कधी फावडं धरलेलं नाही. आजीचं नाव सांगून मी उगाच नात्यात शिरत होते.

वाचणाऱ्यांतल्या निम्म्या जणांना एव्हाना चौथी गोष्ट आठवली असेल. मला ती आठवायला फुलेरा ते जयपूर एवढा प्रवास लागला, याची लाज वाटते. आजी कधीच कुणाच्या हातावर मीठ द्यायची नाही. शेजारची काकू वाटी घेऊन आली तर ठीक. मी स्वयंपाकघरात चिंचेला लावायला मीठ मागितलं की ती चिमूट पाटाच्या कडेला ठेवायची. "हातान देव नको गो, भांडान व्हतंय."

म्हणजे ती बाई मला दूर लोटत नव्हती, आमचं भांडण होऊ नये म्हणून जपत होती. अर्थात असेलच असं नाही. त्या क्षणाला धरून मी दोन्ही गोष्टी आलटून पालटून मानत आले आहे, दिवसातल्या वेळेप्रमाणे.

तलावाबद्दल आधी वाचलं होतं तरी तो दिसला तेव्हा ओळखू आला नाही. फुलेऱ्याहून जोधपूरकडे जाणारी गाडी बाभळी आणि खेजडीच्या झाडांतून जाते, मग झाडं आखूड होतात, मग नुसते खुरटे हिरवे ठिपके, आणि अचानक खिडकीबाहेर काहीच नाही. पांढरं. पाणी की जमीन, कळत नाही. लांबीला पस्तीस किलोमीटरच्या आसपास, रुंदीला कुठे तीन तर कुठे अकरा, आणि खोली एवढी कमी की उन्हाळ्यात बऱ्याच भागात गुडघाही भिजत नाही. आम्हा खारेपाटातल्या माणसांना मिठाचं पाणी म्हणजे हलणारं पाणी. भरती येते, बांधातल्या उघाडीतून खाडी आत शिरते, आजोबा चंद्र बघून उठायचे. उधाणाला बांध फुटला की अर्धं गाव टोपल्या घेऊन धावायचं. इथं पाण्याला कसली घाई नाही. मेंढा आणि रूपनगढ या नद्या पावसाळ्यात येऊन मिळतात आणि बाहेर एकही जात नाही. अरवलीच्या खडकांतून जे काही विरघळून येतं ते येऊन बसतं, पाणी वर उडून जातं, क्षार राहतो. दर वर्षी तेच. माहेरी आलेल्या मुलीनं परत न जाता तिथंच म्हातारं व्हावं, तसलं काहीतरी ते पाणी बघताना वाटत होतं. उपमा थोडी ओढून आणली आहे, पण राहू दे.

हे मीठ आलं कुठून यावर विद्वानांची भांडणं झाली आहेत. १९०९ साली हॉलंड आणि क्रिस्टी या दोघांनी मांडलं की कच्छच्या रणातलं मीठ उन्हाळ्यातल्या नैर्ऋत्य वाऱ्यांवर धुळीसारखं उडत येतं आणि पावसाबरोबर राजस्थानात उतरतं. पुढे ज्यांनी यावर शंका घेतली त्यांत गोडबोले आडनावाचे एक अभ्यासक होते. गोडबोल्यांनी मिठावरून वाद घालावा, हे वाचून मी एकटीच हसले होते. शास्त्राच्या दृष्टीनं वाऱ्याची गोष्ट आता फारशी टिकत नाही म्हणतात, खडक झिजून आलेले क्षार आणि जुन्या नद्यांचे अडलेले प्रवाह हे उत्तर जास्त पटण्यासारखं आहे. पण मला ती वाऱ्याची गोष्ट सोडवत नाही. म्हणजे हे मीठही मूळचं समुद्राचंच, चारशे-पाचशे किलोमीटर चालत आलेलं. त्या बांधावर मला हा मुद्दा सुचला असता तर मी तिला नक्की सांगितला असता आणि तिनं माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं असतं.

वास सांगायला हवा. फोटोत तो येत नाही आणि म्हणून लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी गाडीतून उतरल्या उतरल्या नाकाला रुमाल लावतात. खाजणाचा वास मला परिचयाचा, चिखल आणि कुजलेली पानं आणि खेकडे. इथला त्याहून कोरडा, फटाक्याच्या दारूसारखा, मध्येच उकडलेल्या अंड्यासारखा. क्यारींमधलं पाणी काही ठिकाणी गुलाबी असतं, काही ठिकाणी विटकरी, जणू कुणी महिनाभर कुंकवाचे करंडे धुतले आहेत. एवढ्या खारट पाण्यात माशाचं पोर जगत नाही, पण एक सूक्ष्म शेवाळ आणि काही जिवाणू मजेत वाढतात आणि पाण्याला तो रंग देतात. रोहित पक्ष्यांच्या पंखांवरचा गुलाबीही अशाच पाण्यातल्या खाण्यातून येतो. ते लांब उभे होते, पश्चिमेकडे, उन्हात हलणाऱ्या रेघेसारखे. तलावाच्या मधून पाच किलोमीटरचा दगडी बंधारा गेला आहे. त्याच्या एका बाजूला पक्षी आणि उघडं पाणी, दुसऱ्या बाजूला चौकोन, पाट, दरवाजे, इंग्रजांच्या काळातले अरुंद रूळ, आणि पांढरे ढीग. बंधाऱ्यावर उभं राहिलं की डावा डोळा एका जगात आणि उजवा दुसऱ्या. मला उजव्या बाजूचं कळत होतं. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, प्रत्येक ठिकाणी थोडं आटवत, थोडं दाट करत न्यायचं आणि शेवटच्या वाफ्यात ऊन आणि वाऱ्यावर सोडून द्यायचं. आजोबा शेवटच्या वाफ्यापाशी बोलायचे नाहीत. मीठ धरताना आवाज केला की ते बारीक पडतं, अशी त्यांची समजूत होती.

आपल्याकडे पौष महिन्यात शाकंभरी नवरात्र असतं, पौर्णिमेला देवीपुढे भाज्यांची रास घालतात. मेथी, चुका, वांगी, गाजरं, घेवडा. त्याच शाकंभरीचं देऊळ या तलावाच्या काठी एका खडकाळ टेकाडावर आहे, आणि तिथून नजर जाईल तिथवर हिरव्या देठाचं काही उगवत नाही. पुजाऱ्यानं जी कथा सांगितली ती तिथं सगळ्यांनाच पाठ आहे. देवी प्रसन्न झाली आणि तिनं इथल्या रानाचं चांदीचं मैदान करून टाकलं. लोक आधी हरखले. मग घाबरले. एवढी चांदी म्हणजे भाऊ भावाचा गळा धरणार. ते देवीला म्हणाले, आई, परत घे. तिनं चांदीचं मीठ केलं.

भांडण नको म्हणून मागून घेतलेलं मीठ आहे हे.

त्या कथेनंतर सांभरचा इतिहास आठवला की हसावं की काय करावं कळत नाही. भांडण काही टळलं नाही. जयपूर आणि जोधपूर या दोन्ही दरबारांनी सांभर गाव सामाईक ठेवलं, त्याला 'शामलात' म्हणायचे. एका गावाचे दोन धनी, यातच सगळं आलं. १८७० मध्ये इंग्रजांनी दोघांकडून तलाव भाड्यानं घेतला. त्यांचं दुखणं वेगळं होतं. मिठावरचा कर चुकू नये म्हणून सिंधूपासून महानदीपर्यंत, सुमारे २,३०० मैलांची जकातीची रेषा त्यांनी आखली होती, तिचा मोठा भाग म्हणजे चक्क काटेरी झुडपांचं कुंपण, आणि त्यावर बारा हजारांच्या आसपास माणसं पहाऱ्याला. राजपुतान्यातलं मीठ मुळातच हाती आल्यावर त्या कुंपणाची गरज उरली नाही आणि १८७९ मध्ये ते सोडून दिलं. शाळेत आम्हाला दांडी शिकवली, शिरोड्याचा सत्याग्रह शिकवला, वडाळ्याच्या मिठागरावरच्या लाठ्या शिकवल्या. हे कुंपण कुणी शिकवलं नाही. विंचू बसतील इतक्या दाट बोरी-बाभळी मिठासाठी लावल्या होत्या, असं वर्गात कुणी सांगितलं असतं तर इतिहासात दोन मार्क जास्त पडले असते.

इंग्रजांची आगगाडी येण्याआधी हे मीठ बैलांच्या पाठीवरून जायचं. हजारो बैल, पाठीवर दोन्हीकडे गोण्या, मागे बायका-पोरं, असे तांडे मारवाडातून निघून पार दख्खनेत उतरायचे. पुण्यात हॉस्टेलवर माझ्या खोलीत पुसदकडची एक मुलगी होती, बंजारा. तिनं एकदा सहज सांगितलं होतं की लमाण हा शब्द लवणापासून आला म्हणतात, मीठ वाहणारे ते लमाण. मी तेव्हा म्हटलं, मग आपण नातेवाईक. आम्ही आगरी, आगर म्हणजे मिठाचं, आम्ही पिकवायचं आणि तुम्ही वाहायचं. ती म्हणाली, तुमचं आगर तरी होतं. आमची वाटच होती फक्त, ती रेल्वेनं घेतली. मग पुढे दोघींनी त्या विषयावर काही बोललं नाही, मेसमध्ये जाऊन वरणात वरून मीठ घालून जेवलो. तिची आठवण मला सांभर स्टेशनवर आली. फलाटापलीकडे मालडबे उभे होते आणि हमालांनी रचलेली पांढरी पोती उन्हात डोळ्यांना खुपत होती. एक पोतं कोपऱ्याला फाटलं होतं आणि त्यातून सांडलेल्या मिठाचा छोटा सुबक शंकू रुळाशेजारी झाला होता. गाय येऊन तो चाटत होती.

गावात एक देवयानी कुंड आहे आणि एक शर्मिष्ठेचंही. सांभरवाले मानतात की ती गोष्ट घडली ती इथंच. कपडे बदलले गेल्यावरून दोन मैत्रिणींचं भांडण, शर्मिष्ठेनं देवयानीला विहिरीत ढकललं, ययातीनं हात देऊन वर काढलं. मग देवयानी म्हणाली, माझा उजवा हात तू धरलास, आता दुसऱ्या कुणाशी मी लग्न करू? कुंडाच्या पायऱ्यांवर बसून कलिंगडाची फोड खाताना मला हे नव्यानं लागलं. हात दिला घेतला की काहीतरी सुरू होतं. लग्न काय, भांडण काय. (१५६२ मध्ये आमेरच्या राजकन्येचं अकबराशी लग्न लागलं तेही सांभरलाच. गावाला हा विषय लाभलेला दिसतो.) न देणं हाच मग एक सावधपणा असेल. पण मग मी आतून थोडी रिकामी का झाले होते?

मला फिरवणारा रिक्षावाला पंचविशीतला होता, बोलका, मधूनच पुढच्या आरशात बघून माझ्या चेहऱ्यावर गोष्ट पोचली का ते तपासणारा. त्यानं मला पलीकडे, नावा या गावाच्या बाजूला नेलं. तिथं तलावाच्या पात्रातच बोअर मारल्या आहेत, काळे पाइप आणि विजेच्या तारा एकमेकांत गुंतून चिखलावरून सरपटत गेल्या आहेत, जमिनीखालचं दाट खारं पाणी खेचायला. बऱ्याचशा बेकायदा. कारवाई होते, तारा कापतात, महिन्यानं पुन्हा लागतात. वरच्या अंगाला नद्यांवर बंधारे झालेत, त्यामुळे तलावात येणारं पाणीही कमी. सरकारी कंपनी १९६४ पासून आहे, तिचे ढीग वेगळे, खाजगीवाल्यांचे वेगळे. "सब नमक का झगड़ा है," तो म्हणाला, आणि मी त्याला पुजाऱ्याची चांदीची गोष्ट आठवण करून दिली. त्यानं खांदे उडवले. देवीनं घाई केली, त्याचं म्हणणं. चांदी असती तर निदान एकदाच भांडून संपलं असतं.

मग रिक्षा थांबवून त्यानं एक जागा दाखवली. दाखवण्यासारखं काही नव्हतं, सपाट, वर मिठाची पापडी धरलेली माती. नोव्हेंबर २०१९ मध्ये इथं पक्षी मेले. अठरा हजारांहून जास्त. थापट्या, शेकाट्या, चिखले, कितीतरी जातींचे, थंडीसाठी लांबून आलेले. पंख लुळे पडायचे, मग मान. बरेलीच्या प्रयोगशाळेनं सांगितलं की बोट्युलिझम आहे, जिवाणूंचं विष. मेलेल्या पक्ष्यावर अळ्या, त्या अळ्या दुसरा खातो, तो मरतो, मग त्याच्यावर अळ्या. म्हणून मेलेले लवकरात लवकर उचलणं हाच उपाय. हा पोरगा तेव्हा बारावीत होता. दोन दिवस तोही गेला होता, गोणी घेऊन. "हल्के होते हैं," तो म्हणाला. "बोरी भर जाती है, फिर भी हल्की." मीठ भरलेली गोणी उचलायची सवय असलेल्या हाताला ते वजन कसं वाटलं असेल, याचा विचार मी अजून करते. त्यांना हातमोजे दिले होते. एका माणसाचे पक्षी अजून धडपडत होते, ते तो मोजे काढून उचलत होता, असं त्यानं सांगितलं आणि रिक्षा सुरू केली.

आजीच्या पायांबद्दल लिहायचं होतं, ते राहूनच चाललं. मिठागरातली बाई चालते ती अनवाणी, वाफ्याची जमीन पायानंच घट्ट करायची असते, दिवसचे दिवस तुडवायची. तिच्या टाचांच्या भेगा एवढ्या खोल होत्या की त्यांत मिठाचे कण राहायचे. रात्री ती मुठेलाचा, म्हणजे कोकमाच्या तेलाचा, गोळा दिव्यावर धरायची, तो मऊ झाला की भेगांत भरायची. मी लहान असताना मला वाटायचं की आजी पाय दुरुस्त करते, भिंतीला सिमेंट लावतात तसं. मिठागर बंद पडून वीस वर्षं झाली तरी टाचा तशाच होत्या. आजोबांच्या वाफ्यांच्या जागी आता कंटेनरचं गोदाम आहे. सांभरच्या त्या बाईच्या पायात बूट होते, ठिगळ लावलेले का होईना, हे मी आईला सर्वांत आधी सांगितलं. आई म्हणाली, बरं झालं. मग विचारलं, मीठ कसं आहे?

मीठ तिनं जिभेच्या टोकावर ठेवलं, डोळे मिटून बघितलं आणि म्हणाली, आपलं नाही हे. कडसर नाही. आपल्या मिठाला शेवटी थोडा कडू घास असतो, याला नाही. हे शहाणं आहे. मी नंतर बघितलं तर तिचं बरोबर होतं, सांभरच्या पाण्यात मॅग्नेशियम नावापुरतंच, आणि समुद्राच्या मिठाला तो कडवटपणा त्याचाच. आईला मॅग्नेशियम माहीत नाही. हातावर मीठ देऊ नये हेही तिला फारसं माहीत नाही. तुझ्या आजीचं काहीतरी असायचं, एवढंच ती म्हणते.

जुलैत रिक्षावाल्याचा फोन आला. पाऊस चांगला झालाय, मेंढा वाहतेय, तलाव भरतोय, दिवाळीनंतर या, पक्षी येतील. मी त्याला बांधावरच्या त्या बाईबद्दल विचारलं, ठिगळाच्या बुटांवरून त्यानं लगेच ओळखली. सध्या काम बंद, गावी गेली आहे, थंडीत येईल. का, काही काम होतं? मी त्याला सगळं सांगितलं, हात, घमेलं, उठा लो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आएगी तो पूछ लूँ?"

नको म्हटलं. फोन ठेवला आणि तेव्हाच वाटलं, हो म्हणायला हवं होतं.

बाहेर धो धो पाऊस. आई ओट्यापाशी वालाचं बिरडं परतत होती, एका हातात उलथनं, चष्म्यावर वाफ. डब्यातलं मीठ पाझरून त्याचा चिखल झाला होता. "तुझ्या त्या राजस्थानच्या मिठातलं दे गं थोडं," ती म्हणाली आणि मागे न बघताच डावा तळवा माझ्याकडे पसरला. मी पुडी उघडली, मूठ भरली. ओट्यावर वाटी होती, अगदी जवळ.

"दे की," आई म्हणाली, "हात भरून आला माझा."